वेळेवर पोहोचण्याचा मूर्खपणा

मोटारींच्या हौशी रॅलीत भाग घेणं हा मूर्खपणा आहे. हे सुरुवातीलाच मान्य करतो, कारण पुढचा सगळा लेख या मूर्खपणाच्या बाजूने आहे आणि वाचकापासून काही लपवून ठेवण्याची गरज नाही. जिचे हप्ते अजून चालू आहेत अशी घरची गाडी घ्यायची. रविवारी पहाटे, अंधार असताना, एखाद्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये जाऊन उभं राहायचं. तिथे उभं राहण्यासाठी आधी पैसे भरायचे. दारांवर नंबर चिकटवून घ्यायचे. मग अनोळखी माणसाने आखलेल्या रस्त्याने, त्यानेच ठरवलेल्या वेगाने, म्हणजे बहुतेक वेळ ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरने, जिथे आपलं काही काम नाही अशा गावाला जायचं. संध्याकाळी निकाल लागतो. पन्नास-साठ गाड्यांत आपण चाळिसाव्या जागेच्या आसपास असतो. करंडक पहिल्या तिघांना. आपण टाळ्या वाजवतो, जेवतो, घरी येतो, आणि पुढच्या वर्षीचे फॉर्म कधी निघणार याची चौकशी सुरू करतो.

यातली एकही गोष्ट व्यवहाराच्या कसोटीला उतरत नाही. पेट्रोल जातं, रविवार जातो, टायर झिजतात, घरच्या माणसांची झोप मोडते. बदल्यात एक टोपी, एक टी-शर्ट आणि कमानीखाली काढलेला एक फोटो मिळतो. हिशेब मांडणारा माणूस या खेळाकडे फिरकत नाही, आणि फिरकला तर पुन्हा येत नाही. जे पुन्हा पुन्हा येतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं तपशिलात सांगतो. रॅली म्हटलं की धुरळा उडवत, मागची चाकं घसरवत वळण घेणारी गाडी डोळ्यांसमोर येते. तो प्रकार वेगळा. त्याला गाडीच्या आत लोखंडी पिंजरा लागतो, आगीपासून वाचवणारा पोशाख लागतो, बंद केलेला रस्ता लागतो आणि भरपूर पैसा लागतो. सामान्य माणसासाठी आपल्याकडचे मोटार क्लब जी रॅली भरवतात तिचं नाव टीएसडी. टाइम, स्पीड, डिस्टन्स. इथे रस्ता सगळ्यांना खुला असतो. त्यावर एसटी असते, उसाच्या ट्रॉल्या असतात, शेळ्या असतात, लग्नाची वरात असते. अशा रस्त्यावर शर्यत लावायला कायद्याची मनाई आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सरकारच्या परवानगीशिवाय सार्वजनिक जागी वेगाची स्पर्धा केली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. टीएसडीत कोणी कोणाच्या पुढे जायचं नसतं. दिलेल्या जागी दिलेल्या सेकंदाला पोहोचायचं असतं, एवढंच.

एवढंच म्हणालो खरं, पण ते किती अवघड आहे हे छत्तीसचा वेग घेऊन पाहू. ताशी छत्तीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला दहा मीटर, म्हणजे एक किलोमीटर बरोबर शंभर सेकंदांत. सोपा आकडा आहे, म्हणून नवशिक्याला तो आवडतो. आता ताम्हिणीच्या वाटेवर, निवे गाव मागे पडल्यावर, शेळ्यांच्या कळपाने तुम्हाला दोन मिनिटं थांबवलं असं धरा. दोन मिनिटांत तुम्ही बाराशे मीटर मागे पडलात. भरपाईसाठी तुम्ही अठ्ठेचाळीसने गाडी हाकली, तर ताशी बारा किलोमीटरचा फरक मिळतो, आणि बाराशे मीटर वसूल व्हायला सहा मिनिटं लागतात. त्या सहा मिनिटांत पुढची वळणं सांभाळायची, खड्डे सांभाळायचे, गाव आलं तर हळू व्हायचं, आणि सातव्या मिनिटाला पुन्हा छत्तीसवर यायचं. सातव्या मिनिटाला छत्तीसवर न येणारेच फार. वेग एकदा हातात आला की तो सोडवत नाही. तो सोडायला लावणारा दुसरा कुठला खेळ माझ्या पाहण्यात नाही.

कारण इथे लवकर पोहोचणं हा उशिरा पोहोचण्यापेक्षा मोठा अपराध आहे. आकडे प्रत्येक क्लबच्या नियमपुस्तिकेत वेगळे असतात, पण बहुतेक ठिकाणी उशिराला जितका दंड असतो त्याच्या दुप्पट घाईला असतो. आणि तपासनाके कुठे आहेत ते सांगितलेलं नसतं. वळणामागे, आंब्याखाली, बंद पडलेल्या टपरीच्या आडोशाला घड्याळ घेऊन कोणी तरी बसलेलं असतं. तिथे अचानक थांबून वेळ काढता येत नाही, मागे फिरता येत नाही. म्हणून संपूर्ण वाटेवर, प्रत्येक मीटरवर, तुम्ही जिथे असायला हवं तिथेच असावं लागतं. कोणी बघत असो वा नसो. ज्या देशात पोलीस दिसला की सीटबेल्ट लागतो आणि चौक ओलांडला की सुटतो, त्या देशात माणसं स्वतःच्या खिशातले पैसे भरून असा दिवस विकत घेतात. हा वेडेपणा मला थोर वाटतो.

या खेळातली सगळ्यात सुंदर वस्तू म्हणजे रोड बुक. सुरुवातीच्या कमानीखाली, निघायच्या काही मिनिटं आधी, ते हातात पडतं. त्यात नकाशा नसतो, गावांची नावं फारशी नसतात. प्रत्येक ओळीला एक छोटं चित्र असतं. खाली एक टिंब, तिथून निघालेला बाण, आणि त्याला फुटलेले रस्ते. टिंब म्हणजे तुम्ही, बाण म्हणजे जायची दिशा. या चित्रांना ट्युलिप म्हणतात, कारण १९४९ साली सुरू झालेल्या हॉलंडमधल्या ट्युलिप रॅलीत ती रूढ झाली. शेजारी दोन आकडे असतात, सुरुवातीपासूनचं अंतर आणि मागच्या खुणेपासूनचं. कोपऱ्यात दोनचार शब्द: पूल, मंदिर, पाण्याची टाकी, डांबर संपलं. फोनवरच्या बाईचा आवाज ऐकत गाडी चालवणाऱ्या पिढीला हे पुस्तक हातात घेऊन पन्नास किलोमीटर जाऊन पाहायला सांगावं. वाट किती गोष्टींनी भरलेली असते ते कळतं. हापशी दिसते, मैलाचा दगड दिसतो, शाळेची कमान दिसते, कारण त्यांतलं काहीही पुढच्या ओळीचा पुरावा असू शकतं.

अंतराचंही एक शास्त्र आहे. आयोजकांच्या गाडीने जे अंतर दहा किलोमीटर मोजलं, ते तुमच्या गाडीवर १०.३ भरतं, कारण टायर झिजलेत किंवा हवा कमी आहे. म्हणून सुरुवातीला एक पट्टा फक्त मीटर जुळवण्यासाठी दिलेला असतो. जो हा पट्टा गप्पांत घालवतो त्याचं १२० किलोमीटरच्या वाटेवर साडेतीन किलोमीटरांचं गणित चुकतं, आणि छत्तीसच्या वेगाने ती जवळजवळ सहा मिनिटं होतात. शिवाय घरच्या गाडीचा ट्रिप मीटर शंभर मीटरच्या टप्प्याने सरकतो. छत्तीसला शंभर मीटर म्हणजे दहा सेकंद. दोन आकड्यांच्या मधले ते दहा सेकंद मनात मोजावे लागतात. महागडी रॅली-यंत्रं लावणाऱ्यांचा गट बहुतेक ठिकाणी वेगळा ठेवतात आणि तो ठेवायलाच हवा. मन लावून सेकंद मोजणारा माणूस यंत्राशी का लढेल?

हे मोजण्याचं काम शेजारच्या सीटवरचा माणूस करतो. नॅव्हिगेटर. या खेळातला खरा खेळाडू तोच, किंवा तीच. आणि इथे आपल्या घरांतली उतरंड उलटी होते. एरवी गाडीत ज्याच्या हातात चाक, त्याचा शब्द शेवटचा. रस्ता त्याला माहीत असतो, विचारायला थांबणं त्याला कमीपणाचं वाटतं, आणि शेजारी बसणाऱ्याने संत्रं सोलून द्यावं अशी अपेक्षा असते. रॅलीत कॉलेजात जाणारी मुलगी मांडीवर फळी, कानामागे पेन्सिल, हातात घड्याळ घेऊन बसते आणि पन्नाशीच्या बापाला सांगते, “बाबा, तीनशे मीटरवर डावं. पाण्याच्या टाकीनंतर.”

“हा नाही का रस्ता? मी गेलोय इथून.”

“टाकी आली नाही अजून. सरळ. आणि हळू, सहा सेकंद पुढे आहोत आपण.”

बाप सरळ जातो. हळू होतो. टाकी येते. तो काही बोलत नाही, पण पुढच्या वळणाला विचारतो, “आता कुठे?” मराठी घरात बापाने मुलीला हे विचारणं आणि तिच्या उत्तरावर गाडी वळवणं याला मी फार मोठी गोष्ट समजतो. अशी जोडपी पाहिली आहेत, सासरे-जावई पाहिले आहेत, एकाच बँकेतले साहेब आणि शिपाई पाहिले आहेत. चार तास एकमेकांच्या आकड्यावर विश्वास ठेवावा लागतो. भांडण झालं तर तेही पंधरा सेकंदांत मिटवावं लागतं, कारण पुढची खूण जवळ आलेली असते.

वाहनतपासणीचं, म्हणजे स्क्रूटिनीचं, वेगळं कौतुक केलं पाहिजे. शनिवारी संध्याकाळी गाड्यांची रांग लागते. क्लबातला एक जुना, मितभाषी माणूस प्रत्येक गाडीभोवती फिरतो. ब्रेकचे दिवे पेटतात का, हॉर्न वाजतो का, मागच्या सीटचे पट्टे बाहेर काढता येतात की खाचेत हरवलेत, स्टेपनीत हवा आहे का, प्रथमोपचाराच्या पेटीतलं औषध कधीचं आहे, लाल त्रिकोण कुठे आहे, ओढायची दोरी आहे का. विम्याचा आणि पीयूसीचा कागद पाहतो. डिकी पूर्ण रिकामी करायला लावतो. तिच्यातून सतरंजी निघते, गणपतीच्या मखराचे बांबू निघतात, मुलाची हरवलेली बॅट निघते, नारळ निघतो. ते सगळं घरी पाठवावं लागतं, कारण घाटात जोरात ब्रेक लागला की डिकीतला नारळही पुढे येतो. बहुतेक घरगुती गाड्यांची इतकी कसून तपासणी आयुष्यात दुसऱ्यांदा होत नाही. ज्या दिवशी मालक आपल्याच गाडीच्या स्टेपनीला पहिल्यांदा हात लावतो, त्या दिवशी एन्ट्री फी वसूल झाली असं मी धरतो. करंडकाचा विचार त्यानंतर.

आणि मार्शल. भाग घेणाऱ्यांचा मूर्खपणा निदान चाकांवर फिरतो. मार्शलांचा एका जागी बसून असतो. पहाटे त्यांना कुठल्या तरी वळणावर सोडतात. घड्याळ, नोंदवही, झेंडा, पाण्याच्या बाटल्या आणि पोळीभाजीचा डबा. पहिली गाडी यायला दोन तास असतात. मग मिनिटामिनिटाने गाड्या येतात, खिडकीतून वेळपत्रक पुढे होतं, सेकंद लिहायचा, सही करायची, हसायचं. मधेच पाऊस येतो. शेवटची गाडी रस्ता चुकलेली असते, तिची वाट पाहायची. मार्शलला नंबर नाही, करंडक नाही, आणि अनेक क्लबांत मानधनही नाही. जेवण आणि टोपी. त्याने एक सेकंद चुकीचा लिहिला तर एका कुटुंबाची वर्षभराची तयारी वाया जाते, आणि हे त्याला माहीत असतं, म्हणून तो दर तासाला घड्याळ ताडून पाहतो. या माणसांवर कोणी लेख लिहीत नाही. खरं तर हा लेख त्यांच्यावरच असायला हवा होता.

आपल्याकडे अशा निष्फळ मेहनतीची एक परंपरा आहेच. हौशी नाट्यस्पर्धेत उतरणारी मंडळी महिनोन् महिने तालमी करतात, उसना सेट टेम्पोत घालून केंद्रावर नेतात, अर्ध्या भरलेल्या सभागृहात एकच प्रयोग करतात आणि सेट परत देऊन येतात. त्यांना कोणी खुळं म्हणत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र खर्च दिसतो आणि लोक विचारतात, मिळालं काय?

या प्रश्नाला इतिहासातून उत्तर देता येतं. मोटार नवी होती तेव्हा तिच्यावर कोणाचा विश्वास नव्हता. १९०० च्या एप्रिल-मे महिन्यांत इंग्लंडातल्या ऑटोमोबाइल क्लबाने हजार मैलांची चाचणी भरवली. ६५ गाड्या निघाल्या. हे यंत्र लांबचा पल्ला गाठू शकतं हे लोकांना दाखवायचं, एवढाच हेतू. ती चाचणी आखणारा क्लॉड जॉन्सन आणि तिच्यात गाडी चालवणारा चार्ल्स रोल्स हे दोघे पुढे रोल्स-रॉइस कंपनीत एकत्र आले. तिथून ही कथा थेट आपल्या घाटांत येते. १९०८ साली मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने मुंबई-कोल्हापूर अशी चाचणी ठेवली. एकूण ६२० मैल, वाटेत घाट. तिच्यात रोल्स-रॉइसची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची गाडी उतरली, तिने ही वाट बिनतक्रार पार केली, आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. त्या काळी आजच्यासारखे पेट्रोल पंप नव्हते, डांबर नव्हतं, पंक्चर काढणारा नव्हता. व्यवहारी माणूस कोल्हापूरला रेल्वेने गेला असता.

पुढे १९१९ मध्ये मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन उभी राहिली. तिने महिलांसाठी खास रॅली भरवल्या, आणि त्यांत शेकडो बायका चाकामागे आणि रोड बुकामागे बसल्या. १९८० साली पहिली हिमालयन रॅली निघाली ती मुंबईहून, नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने. हिमालयाकडे जाणारी रॅली अरबी समुद्राच्या काठावरून सोडायची, हा बेत कोणत्याही शहाण्या समितीने फेटाळला असता. १९९९ मध्ये सुरू झालेल्या रेड-द-हिमालयमध्ये वेगाच्या गटाबरोबर टीएसडीचाही गट ठेवला गेला, आणि साध्या घरगुती गाड्या घेऊन माणसं बर्फाच्या खिंडींत सेकंद मोजायला जाऊ लागली.

कोणी म्हणेल, मोठं असं काही निघालं पाहिजे तरच हौस खरी. तसाही दाखला आहे. इंग्लंडात कॉलिन चॅपमन नावाच्या तरुणाने १९४८ साली जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून एक गाडी बनवली, प्रेयसीच्या वडिलांच्या घरामागच्या गॅरेजात, क्लबांच्या चिखलातल्या चढाच्या स्पर्धांत उतरण्यासाठी. त्यातून पुढे लोटस निघाली. पण या दाखल्यावर मला भर द्यायचा नाही. हजारो हौशी माणसांतून एखादा चॅपमन निघतो, आणि बाकीचे सोमवारी कामावर जातात. मला कौतुक त्या सोमवारी कामावर जाणाऱ्यांचं आहे.

आता दुसऱ्या बाजूच्या शहाण्यांकडे वळू. रॅलीला हसणारे हे लोक मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दर शनिवारी सकाळी भेटतात. रस्ता साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. शंभरच्या मर्यादेत तो सलग कापला असं धरलं तर जेमतेम सत्तावन्न मिनिटं लागतात, आणि एकशे वीसने सव्वासत्तेचाळीस. घाटात मर्यादा साठची, टोलवर थांबणं आलंच, तेव्हा प्रत्यक्षात फरक याहून कमी. म्हणजे साडेनऊ मिनिटांहून कमी वेळासाठी डावीकडून घुसायचं, मागून दिवे मारायचे, ट्रकच्या पुढ्यात यायचं. पुण्याला पोहोचून ती मिनिटं कोणी कशासाठी वापरली, ते विचारायचं नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतले शंभरातले एकाहत्तर मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदवले गेले आहेत.

दासबोधाच्या दुसऱ्या दशकात समर्थांनी पहिला समास मूर्खाला दिला आणि दहावा पढतमूर्खाला. पढतमूर्ख म्हणजे ज्याला सगळं ठाऊक आहे आणि तरी जो भलतं वागतो. द्रुतगती मार्गावरच्या त्या गृहस्थाला सगळे नियम पाठ असतात, मुलाला लर्निंग लायसन्सच्या वेळी त्यानेच शिकवलेले असतात. त्याचा मूर्खपणा जीव घेतो आणि तो शहाणपण म्हणून खपतो. ताम्हिणीत छत्तीसने जाणाऱ्या माणसाचा मूर्खपणा कोणाचा जीव घेत नाही, आणि तो मूर्खपणा म्हणून ओळखलाही जातो. या दोघांत मला कोणाच्या शेजारी बसायला आवडेल हे सांगायला नको.

रॅलीच्या माणसांना रस्त्यावर डिवचलं की ते उखडत नाहीत, हाही अनुभव आहे. मागून हॉर्न वाजवणाऱ्याला ते वाट देतात, कारण त्यांना पुढे जायचंच नसतं. रस्त्यात वरात असेल तर थांबतात, सेकंद जातात, नोंद करतात, पुढे वसूल करतात. रागावण्याला गणितात जागा नसते. एरवी हाच माणूस सिग्नलला चिडत असेल, नव्हे असतोच. पण वर्षातून एकदा त्याने दिवसभर स्वतःला आवरून पाहिलेलं असतं, आणि आपल्याला ते जमतं हे त्याला कळलेलं असतं.

काळजी वाटते ती शहाणपण या खेळात शिरू लागल्याची. एन्ट्री फी वाढत चालली आहे, तिच्याबरोबर मुक्कामाची हॉटेलंही. काही ठिकाणी रॅलीपेक्षा तिची चित्रफीत मोठी झाली आहे. आकाशात ड्रोन, गाडीवर प्रायोजकाची नावं, आणि रोड बुक वाचणाऱ्याच्या तोंडासमोर कॅमेरा. दुसऱ्या टोकाला जे गंभीर आहेत ते यंत्रांवर इतका खर्च करतात की वेगळ्या गटातही नवखा माणूस दबून जातो. क्लब चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की पेन्सिल आणि घड्याळाचा गट सगळ्यात मोठा ठेवा, त्याची फी सगळ्यात कमी ठेवा. ज्या गावांतून वाट जाते त्या गावांतल्या पोरांना मार्शल करा, त्यांच्या जीपगाड्यांना आणि छोट्या टेम्पोंना प्रवेश द्या. ताम्हिणीतल्या, जव्हारमधल्या, आंबोलीतल्या माणसाने स्वतःच्या घाटातली रॅली फक्त कडेला उभं राहून का पाहावी? वाट त्याला पाठ असेल, पण टीएसडीत वाट पाठ असल्याने भागत नाही, तेव्हा अन्याय कोणावरच होणार नाही. आणि पाण्याच्या बाटल्या घाटात टाकणाऱ्या गाडीला नाका चुकवल्याइतका दंड लावा. लोक लगेच शिकतील.

भाग घ्यायला फार काही लागत नाही. गाडी आहे ती चालते. जुनी मारुती चालते, डिझेलची टॅक्सी चालते. सेकंदकाटा असलेलं घड्याळ, दोन पेन्सिली, खोडरबर, साधं कॅल्क्युलेटर, उलटीची गोळी. आदल्या रात्री जागरण नको. शेजारी बसायला आपल्यापेक्षा गणित बरं असलेलं आणि आपल्याला न घाबरणारं घरातलं माणूस निवडा. ते बहुधा वयाने लहान असेल. त्याने डावं म्हटलं की डावं घ्या. पहिल्या वर्षी शेवटून पाचवे याल, त्याची तयारी ठेवा. पावसाळा सरला की क्लबांच्या तारखा जाहीर होऊ लागतात. फॉर्म भरा, पैसे भरा, आणि शनिवारी डिकी रिकामी करून तपासणीला या.